मिलिमीटरभर जागेचा इतिहास : लहान मुलांच्या मज्जारज्जूतील गाठी आणि त्यांवरील उपचार

११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, नवी मुंबईतील खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरची राष्ट्रीय हॅड्रॉन किरणोपचार सुविधा देशाला अर्पण करण्यात आली. त्याच वर्षी तेथे रुग्णांवर प्रोटॉन उपचार सुरू झाले. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयसमूहाने देशातील पहिले प्रोटॉन केंद्र उघडले होते. पण अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालील, सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे पहिलेच. या सुविधेविषयी बोलताना लहान मुलांचा उल्लेख आवर्जून होतो. मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या गाठी असलेल्या मुलांना तिचा सर्वाधिक लाभ होईल, असे सांगितले जाते. मुलांनाच का? आणि पाठीच्या कण्यालाच का? याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाही. त्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

मज्जारज्जू म्हणजे कण्याच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत उतरणारा चेतातंतूंचा दोर. प्रौढ माणसात तो साधारण करंगळीएवढा जाड असतो, मुलात त्याहून बारीक. एवढ्या जागेतून हातापायांना हालचालीचे आदेश खाली जातात आणि स्पर्श, वेदना, उष्णता, शरीराच्या स्थितीचे भान वर येते. त्यात मोकळी जागा अशी नसतेच. मेंदूत काही भाग असे आहेत की जेथून थोडे ऊतक गेले तरी माणसाचे दैनंदिन जीवन चालू राहते. मज्जारज्जूला ती चैन परवडत नाही. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर एका पायाचे चालणे अवलंबून असते.

या दोराभोवती, त्याच्या आवरणात किंवा थेट त्याच्या पोटात गाठ होऊ शकते. यांतला तिसरा प्रकार सर्वांत अवघड. मुलांमध्ये अशा अंतर्गत गाठी बहुतांशी ताराकोशिकांपासून, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशींपासून उद्भवतात. त्यांना ॲस्ट्रोसायटोमा म्हणतात. प्रौढांमध्ये अधिक आढळणारा एपेंडिमोमा मुलांत दुसऱ्या क्रमांकावर येतो. हा आजार दुर्मीळ आहे आणि मुलांतील बहुसंख्य गाठी संथ गतीने वाढणाऱ्या असतात. ही गोष्ट दिलासा देणारी वाटते. परंतु याच संथपणामुळे निदान कित्येक महिने, कधी वर्षे लांबते. त्याकडे शेवटी वळावेच लागेल.

मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ यशस्वीपणे काढल्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया ९ जून १८८७ रोजी लंडनमध्ये झाली. रुग्ण प्रौढ होता. तीन वर्षे पाठीत असह्य वेदना, मग पाय लुळे. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. शरीराच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नसताना विल्यम गॉवर्स या चेतारोगतज्ज्ञाने केवळ वेदनेची जागा, संवेदना हरपल्याची पातळी आणि स्नायूंचा ताठरपणा यांवरून गाठ कोठे असावी याचा अंदाज बांधला. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पाठ उघडली. सांगितलेल्या जागी काहीच नव्हते. त्यांनी आणखी वरचे हाड काढले आणि तेथे मज्जारज्जूला दाबून बसलेली लहानशी गाठ सापडली. रुग्ण पुढे पुन्हा चालू लागला. ही गाठ मज्जारज्जूच्या बाहेर, आवरणाच्या आत होती, म्हणून ती अलगद सोडवता आली. तरीही इतिहासातला हा क्षण विलक्षण म्हणावा लागेल, कारण त्या दिवशी चित्राविना निव्वळ तर्काने गाठ गाठली गेली.

दोराच्या आतल्या गाठीचे काय? १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या आंतोन फॉन आयझेल्सबेर्ग यांनी अशी एक गाठ काढली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग आणि एडविन बीअर यांनी एक चमत्कारिक निरीक्षण नोंदवले. मज्जारज्जूच्या मागील बाजूस मधोमध छोटा छेद दिला असता आतली गाठ आपोआप बाहेर डोकावू लागली. त्यांनी तिला हात लावला नाही. जखम बंद केली आणि सुमारे आठवडाभराने पुन्हा उघडली, तेव्हा गाठ बऱ्याच अंशी दोराबाहेर आलेली होती. यामागे गूढ काही नाही. बंदिस्त जागेत वाढलेल्या गाठीमुळे आतला दाब चढलेला असतो. वाट मिळाली की दाबच तिला बाहेर ढकलतो. शल्यविशारदाने आपला हात आखडता घेऊन भौतिकीच्या एका साध्या नियमाला काम करू दिले. पुढील काळातल्या धाडसी शस्त्रक्रियांपेक्षा या संयमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र ही युक्ती सर्वत्र चालली नाही. एपेंडिमोमाला बहुधा स्पष्ट कडा असते. ॲस्ट्रोसायटोमा आजूबाजूच्या तंतूंत मिसळलेला असतो. कोठे गाठ संपते आणि कोठे मूल चालण्यासाठी वापरते ते ऊतक सुरू होते, हे उघड्या डोळ्यांना दिसत नसे. रक्तस्राव थांबवण्याची साधने ओबडधोबड होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कायमचे पंगू होत. परिणामी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक रीत रूढ झाली : हाड काढून जागा मोकळी करायची, गाठीचा कणभर तुकडा तपासणीसाठी घ्यायचा, आवरण सैल करायचे आणि उरलेले काम क्ष-किरणांवर सोपवायचे. प्रौढांच्या बाबतीत ही तडजोड समजण्यासारखी होती. मुलांच्या बाबतीत तिची किंमत फार उशिरा कळली.

१९५२ मध्ये बॉस्टनचे बालक्ष-किरणतज्ज्ञ एडवर्ड न्यूहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत्या कण्यावर क्ष-किरणांचा काय परिणाम होतो, याविषयी निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक मणक्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कूर्चेची पातळ थर असलेली वाढीची पट्टी असते. मूल उंच होते ते तेथील पेशींच्या विभाजनामुळे. किरणोपचार वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात; कर्कपेशी आणि वाढीच्या पट्टीतील पेशी यांत ते फरक करीत नाहीत. मात्रा जितकी अधिक आणि मूल जितके लहान, तितकी हानी मोठी. मणक्याच्या एकाच अंगाला किरण लागले तर ते अंग खुंटते, दुसरे वाढत राहते आणि कणा त्या बाजूला वाकतो. त्यातच शस्त्रक्रियेसाठी मणक्यांच्या मागच्या कमानी काढून टाकलेल्या असत. त्या पाठीला मागून आधार देतात. त्या गेल्या की वाढत्या वयात पाठ पुढे झुकते. गाठीतून वाचलेले मूल दहा-बारा वर्षांनी वाकलेल्या कण्यासह अस्थिरोगतज्ज्ञाकडे येई. म्हणजे आजार चौथ्या वर्षी, आणि उपचाराचे परिणाम चौदाव्या वर्षी. कर्करोगाच्या यशाची मोजणी पाच वर्षांच्या हयातीने करण्याची जी पद्धत आहे, ती मुलांना किती अपुरी पडते हे यावरून लक्षात यावे.

कमानींचा प्रश्न पुष्कळसा कौशल्याने सुटला. १९७६ मध्ये शिकागोचे अँथनी रायमोंडी आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये कमानी फेकून न देता सलग उचलायच्या आणि शेवटी पुन्हा जागेवर बसवायच्या, अशी पद्धत मांडली. पाठ वाकण्याचा धोका त्याने नाहीसा झाला नाही, परंतु हाड जपले पाहिजे ही जाणीव रुजली.

गाठीचा प्रश्न सुटण्यासाठी मात्र उपकरणे लागली, आणि ती भलत्याच क्षेत्रांतून आली. दातांवरील कीटण खरवडण्यासाठी श्राव्यातीत कंपनांचा उपयोग होत असे. त्यापासून स्फूर्ती घेऊन चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये मोतीबिंदू विरघळवून शोषून घेण्याची पद्धत आणली. १९७८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चेताशल्यविशारदांनी याच तत्त्वावरील उपकरण मेंदूच्या गाठींसाठी वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. टायटॅनियमची एक पोकळ नळी सेकंदाला सुमारे २३,००० वेळा कंप पावते. टोकाशी आलेल्या, पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मऊ पेशी फुटतात आणि नळीतूनच शोषल्या जातात. तंतुमय रक्तवाहिन्या तुलनेने टिकून राहतात. याचा खरा फायदा दुसराच आहे. चिमट्याने गाठ ओढली की शेजारचे निरोगी तंतूही ताणले जातात. कंप पावणारी नळी गाठ ओढत नाही. ती आतून पोखरते. गाठ मधून रिकामी होत कडेकडे सरकत जाता येते, आणि दोराला हिसका बसत नाही.

त्याच संस्थेतील फ्रेड एपस्टाइन यांनी हे साधन मुलांच्या मज्जारज्जूकडे वळवले. १९८२ मध्ये त्यांनी ॲस्ट्रोसायटोमा असलेल्या १९ मुलांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्या गाठींना हात लावू नये असा संकेत होता, त्या त्यांनी मोठ्या प्रमाणावर काढल्या होत्या. पुढील दोन दशकांत त्यांच्याकडे जगभरातून मुले येऊ लागली. त्यांच्यावर अतिधाडसाची टीकाही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण कोणत्या मुलात किती काढायचे याचा निर्णय तेव्हा बराचसा शल्यविशारदाच्या अनुभवावर होता. तो मोजमापावर यायला आणखी दोन गोष्टींची आवश्यकता होती.

पहिली गोष्ट एमआरआय. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून चित्र मिळवण्याची वाट दाखवली. पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांचे वर्तन ऊतकागणिक बदलते, म्हणून हाडाच्या आत दडलेला मऊ दोर, त्यातील गाठ आणि शेजारचे द्रवाने भरलेले पोकळ कोश वेगवेगळे दिसतात. एमआरआयपूर्वी कण्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी त्याची सावली पाहावी लागे. दोर फुगला आहे एवढे कळे, आत काय आहे ते कळत नसे. भारतात पहिले एमआरआय यंत्र १९८६ मध्ये दिल्लीच्या अणुवैद्यक व संलग्न विज्ञान संस्थेत बसले.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रिया सुरू असतानाच मज्जारज्जूचे कार्य ऐकणे. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा क्षणिक ठोका देऊन मेंदूतील हालचालीचे केंद्र जागवता येते, हे दाखवले. झोपवलेल्या मुलाच्या मेंदूला असा ठोका दिला की आदेश मज्जारज्जूतून खाली धावतो. गाठीच्या खालच्या बाजूस आवरणावर ठेवलेल्या बारीक विद्युदग्राने तो पकडता येतो. या संकेताला डी-लहर म्हणतात. एपस्टाइन यांच्याबरोबर काम करणाऱ्या व्हेद्रान देलेतिस यांनी या तंत्राला शस्त्रक्रियागृहातील नियमाचे रूप देण्यात मोठा वाटा उचलला. नियम असा : स्नायूंतील प्रतिसाद हरपला, पण डी-लहरीची उंची निम्म्याहून अधिक टिकून असेल, तर येणारा अशक्तपणा बहुधा तात्पुरता ठरतो. उंची निम्म्याहून खाली गेली तर हात थांबवायचा. पडद्यावरची रेघ सांगते की इथवर गाठ, यापुढे मूल. अगदी लहान बालकांत तंतूंवरचे आवरण पुरते तयार झालेले नसल्याने ही लहर नीट मिळत नाही. जिथे गरज सर्वांत अधिक, तिथेच वाटाड्या मुका होतो.

या सगळ्यांनंतर उपचारांचा क्रम उलटला. संथ वाढणारी गाठ असेल तर आधी शस्त्रक्रिया. धोका न पत्करता जेवढे निघेल तेवढे काढायचे आणि उरलेल्यावर एमआरआयने लक्ष ठेवायचे. किरणोपचार शक्य तितके पुढे ढकलायचे. गाठ पुन्हा वाढू लागली तर लहान मुलांत आधी औषधे. त्यांतले एक जुने औषध व्हिनक्रिस्टिन. ते ज्या वनस्पतीतून मिळते ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही अंगणात भेटणारी सदाफुली, मूळची मादागास्करची. २००८ मध्ये या गाठींच्या एका मोठ्या वर्गात बीआरएएफ या जनुकाचा बिघाड उघड झाला, आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या जनुकातील एका विशिष्ट बदलासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी एक वर्षावरील मुलांतील संथ ग्लायोमांसाठी मंजूर केली. वेगाने वाढणाऱ्या गाठींची कथा वेगळी आणि अजूनही दुःखद आहे.

मग प्रोटॉनचे स्थान कोठे? १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी रेडियमपासून निघणाऱ्या अल्फा कणांचा अभ्यास करताना पाहिले, की विद्युतभारित कण वाटेत थोडी-थोडी ऊर्जा सांडत जातो आणि थांबण्याच्या जरा आधी उरलेली बहुतेक ऊर्जा एकदम टाकतो. आलेखावर तेथे शिखर दिसते. क्ष-किरणांना असा शेवट नसतो. ते क्षीण होत शरीराच्या पलीकडे निघून जातात. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी या शिखराचा उपयोग गाठींवर करता येईल, असे सुचवले. हेच विल्सन युद्धकाळात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होते आणि पुढे त्यांनी फर्मी प्रयोगशाळा उभारली. १९५४ मध्ये बर्कली येथे पहिल्या रुग्णावर प्रोटॉन झोत सोडण्यात आला. साधारण ७० ते २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन शरीरात सुमारे चार ते तेहतीस सेंटिमीटर खोल जाऊन थांबतात.

मेंदूतील काही गाठींच्या पेशी मेंदूजलातून खाली उतरून कण्यात रुजतात. अशा मुलांच्या संपूर्ण कण्याला किरण द्यावे लागतात. क्ष-किरण पाठीतून शिरून हृदय, फुप्फुसे, अवटुग्रंथी, आतडी, मुलींच्या बाबतीत बीजाशय, या सर्वांतून पार जातात. प्रोटॉन कण्यापाशी थांबवता येतात. ज्या मुलापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य आहे, त्याच्या हृदयाला न लागलेली मात्रा ही खरी कमाई.

पण येथेही १९५२ चा धडा आडवा येतो. झोत इतका नेमका थांबवता येतो, तर मणक्याचे हाड वगळून केवळ मज्जारज्जूला किरण का देऊ नयेत? वाढत्या वयाच्या मुलांत तसे सहसा करीत नाहीत. मणक्याच्या मागच्या भागाला मात्रा लागली आणि पुढचा सुटला, तर हाड असमान वाढेल. म्हणून अख्खा मणका मुद्दाम झोताच्या कक्षेत घेतला जातो. उंची थोडी कमी होईल, पण पाठ सरळ राहील. जगातल्या सर्वांत अचूक किरणोपचाराची धार अशी जाणूनबुजून बोथट करावी लागते. शिवाय प्रोटॉन नक्की कोठे थांबेल, हे ऊतकाच्या घनतेवर ठरते आणि त्या हिशेबात थोडी अनिश्चितता उरतेच. संगणकाच्या पडद्यावरची कडा आणि शरीरातील कडा यांत काही मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. मज्जारज्जूच्या मापात काही मिलिमीटर म्हणजे पुष्कळ.

भारतात या विद्येची सुरुवात उशिरा झाली, पण पाया भक्कम घातला गेला. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला चेताशल्य विभाग उघडला; बी. राममूर्ती यांनी पुढल्याच वर्षी मद्रासमध्ये काम सुरू केले, मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी त्याच सुमारास ही शाखा रुजवली. १९४१ मध्ये उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. कर्करोगाचे रुग्णालय आणि अणुभट्ट्या एकाच विभागाच्या अखत्यारीत हे प्रथमदर्शनी विचित्र दिसते. खारघरचे प्रोटॉन यंत्र पाहिल्यावर ते तितकेसे विचित्र वाटत नाही.

आता त्या संथपणाकडे. एपस्टाइन यांच्या काळापासून आजवरच्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. शस्त्रक्रियेनंतर मूल कसे चालेल, हे सर्वाधिक अवलंबून असते ते शस्त्रक्रियेपूर्वी ते कसे चालत होते यावर. चालत आलेले मूल बहुधा चालत परत जाते. लुळे पडलेले पाय उत्तम हातांनी गाठ निघाली तरी क्वचितच पूर्ववत होतात. म्हणजे श्राव्यातीत नळी, डी-लहर, प्रोटॉन, या सर्वांनी मिळून जे वाचवायचे, ते मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती शिल्लक राहिले यावर सारा हिशेब ठरतो.

आणि सुरुवातीच्या खुणा फसव्या असतात. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी. मान एका बाजूला धरणे. चालायला शिकलेले मूल पुन्हा अडखळू लागणे, जिन्यावर हात धरायला मागणे. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. हळूहळू वाकणारी पाठ. आपल्याकडे पाठीच्या तक्रारीवर आधी अशक्तपणाची औषधे, मग कॅल्शियम, आणि दुखणे टिकले तर मणक्याच्या क्षयाचा संशय. क्षय येथे खरोखरच मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यामुळे हा संशय चुकीचा म्हणता येत नाही. परंतु क्षय बहुधा हाड आणि मणक्यांमधील चकती कुरतडतो, ते कालांतराने क्ष-किरण चित्रात दिसते. दोराच्या आतली गाठ हाडाला बराच काळ धक्का लावत नाही. साधे चित्र निर्दोष येते आणि घरचे निश्चिंत होतात. एमआरआय सांगितलाच तर लहान मुलाला त्यासाठी झोपवावे लागते, त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, म्हणून तारीख पुढे जाते. कधी पाय दुखतात म्हणून फक्त कमरेचा एमआरआय होतो. गाठ छातीच्या पातळीवर असते आणि अहवाल स्वच्छ येतो. अशा मुलाच्या चाचणीच्या चिठ्ठीवर मानेपासून माकडहाडापर्यंत संपूर्ण कणा असे लिहिले जाणे, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी कोणीतरी त्याला बूट काढून खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावून पाहणे, याला कोणतेही यंत्र लागत नाही. १८८७ मध्ये गॉवर्स यांच्याकडे तेवढेच होते.